पाण्यावरची मोक्याची जागा

तोरो सापा या समुद्रावर राहणाऱ्या बाजो लोकांच्या वस्तीत मालमत्ता म्हणावी अशी एकच गोष्ट होती, आणि ती रोज भरतीला बुडत असे. सुकतीला पाणी ओसरलं की घरांच्या खांबांचे पाय कालवांसकट उघडे पडत. भरती आली की सगळी वस्ती लुगडं गुडघ्यावर धरून उभ्या राहिलेल्या म्हातारीसारखी पुन्हा पाण्यात. समोरच्या मोठ्या बेटावरच्या बागाई लोकांकडे, म्हणजे जमिनीवर झोपणाऱ्यांकडे, मळे होते, विहिरी होत्या, कुंपणं होती आणि कुंपणांवरून होणारी भांडणं होती. बाजो माणसाकडे यातली फक्त भांडणं होती. ती तो कुंपणाशिवायच चालवी.

सार्बिनचं घर या वस्तीच्या अगदी टोकाला. लाकडी साकव जिथं संपतो, त्याच्याही पुढं. सार्बिनचा आजा भावाशी भांडला, तेव्हा त्यानं घर उतरवलं, होड्यांवर घातलं आणि जिथून भावाचं तोंड दिसणार नाही अशा टोकाला नेऊन रोवलं. घरं अशीच हिंडत असत तिथं. रुसली की उठत, जुळलं की जवळ येत. लाट यायची ती आधी सार्बिनच्या दारात, मग बाकीच्यांकडे. "सार्बिनला सगळं पहिल्यांदा कळतं," लोक म्हणत, "फक्त त्यात चांगलं काही नसतं."

आणि मग बातमी आली की टोकापुढच्या खोल पाण्यात मोठा धक्का होणार, पाहुण्यांच्या बोटी तिथं लागणार. झालं! सार्बिनचं घर वस्तीच्या शेवटी होतं ते एका सकाळी वस्तीच्या सुरुवातीला आलं. घर तसूभर हललं नव्हतं. जगानंच कूस बदलली होती.

"आता मी मोक्याच्या जागेवरचा माणूस," सार्बिन जाळं विणता विणता शेजारच्या ताम्रिनला म्हणाला. "माझ्याशी जरा अदबीनं बोलत जा."

"अदबीनंच बोलतो," ताम्रिन म्हणाला. "सार्बिनदादा, आपल्या मोक्याच्या जागेचं छप्पर गळतंय. थेंब माझ्या कॉफीत पडला."

सार्बिन हसला. स्वतःवर हसण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. सरावही तसाच दांडगा होता. समुद्री शेवाळाची शेती केली, ती कासवांनी चरून टाकली. मग पिंजऱ्यात मासे पाळले. त्यांनी एकमेकांना खाल्लं, आणि शेवटी उरलेला सगळ्यात लठ्ठ मासा सार्बिननं दुःखाच्या भरात खाल्ला. "धंद्यात मी काही बुडालो नाही," तो सांगे. "बुडायला आधी पाण्याच्या वर असावं लागतं."

पण या खेपेला हसून भागणार नव्हतं. राम्ला येणार होती.

राम्ला त्याची एकुलती लेक. शहरात दिलेली, बागाईंच्या घरात. पहिलंच बाळंतपण. तिनं फोनवर आईला सांगितलं होतं, "आई, मला तिथंच यायचंय. आपल्या पाण्यावर." आईनं, नुर्सियानं, यावर नुसता पदर डोळ्याला लावला होता. बाजोंच्या घरात मूल एकटं जन्मत नाही. त्याच्यामागून येणारी वार हे त्याचं भावंड, मागून आलं तरी थोरलं. ते घराखालच्या पाण्यात ठेवायचं. मग मूल वर वाढतं, भावंड खाली राखण करतं. सार्बिनचा दादा तिथं खाली होता. राम्लाची ताई तिथंच होती. आजारपण आलं की सुपारी-पान घेऊन आधी त्यांची समजूत काढायची, मग डॉक्टरकडे.

राम्लाच्या सासूबाई, रात्मीबाई, जमिनीवरच्या. त्या फोन घेऊन म्हणाल्या, "विहीणबाई, सूनबाईचा हट्ट मी मोडत नाही. मीसुद्धा येते सोबत. पण मागच्या खेपेला मी तुमच्याकडे आले तेव्हा वरून पाऊस होता, खालून समुद्र होता आणि मधे मी होते. बाळासाठी जरा पक्कं घर असेल तरच आणीन. नाहीतर इथं दवाखाना आहेच."

म्हणजे पत्र्याचं छप्पर हवं, सांध्यांत फटी नसलेल्या फळ्या हव्यात. राम्लाचं पोट काही सार्बिनच्या सवडीनं थांबणार नव्हतं.

अशा वेळी हर्सोनो साहेब आले. गोरेगोमटे, मृदू बोलणारे, मोठ्या बेटावर ज्यांची आधीच बरीच जमीन झाली होती असे. होडीतून उतरून ते सार्बिनच्या ओसरीवर उभे राहिले आणि बघतच राहिले.

"घर विकाल का?" ते म्हणाले.

सार्बिनच्या हातून कॉफी सांडली. त्यानं घराकडे पाहिलं. खांब वाळवीला नकोसे झालेले, झापांचं छप्पर काळं पडलेलं, स्वयंपाकघर एका अंगाला कललेलं, जणू समुद्राच्या कानात काही सांगतंय. "हे घर?"

"हेच. सकाळी सूर्य इथं समोरच उगवत असेल नाही?"

"उगवतो बिचारा," सार्बिन म्हणाला.

"आणि हा सगळा देखावा! हे निळं पाणी!"

"ते तर फुकटच आहे साहेब."

हर्सोनो साहेबांना हे उत्तर फार आवडलं. हात मिळवले. त्यांनी विसार दिला आणि म्हणाले, पुढच्या उधाणाला कारागीर घेऊन येतो, तेव्हा ताबा द्या. सार्बिनला इतका आनंद झाला की त्याला त्या माणसाची दया येऊ लागली. एवढी रक्कम या लाकडांना! वाईट वाटून त्यानं वर चढायची शिडी आणि एक चिरलेला रांजणही त्यात घातला.

साहेबांची होडी लांब गेल्यावर नुर्सिया बाहेर आली. उन्हासाठी तोंडाला तांदळाचं पीठ लावलेलं, त्यातून फक्त डोळे बोलत होते.

"राम्लाचे बाबा, तो माणूस खांबांकडे बघत नव्हता. पाण्याकडे बघत होता."

"शहरातली माणसं असतात तशी. घर घेताना घराकडे बघायची त्यांच्यात रीत नसेल."

"एकदा विचारायचं तरी, नेणार कुठं म्हणून."

"अगं, विचारलं आणि शहाणा झाला तर?"

तोरो सापात घर विकणं म्हणजे होडी विकण्यासारखंच. घेणारा घेऊन जातो. जागा राहते ज्याची त्याची. कोपऱ्याचा एक खांब तेवढा खुणेला ठेवायचा, म्हणजे खालच्यांना कळतं की माणसं परत येणार आहेत. आणि चांगल्या विकणाऱ्यानं घर स्वतः सोडवून, फळी फळी नीट रचून द्यायचं. घेणाऱ्याच्या गळ्यात उभं घर मारणं हा अडाणीपणा. सार्बिन आयुष्यात पहिल्यांदाच यशस्वी व्यापारी झाला होता, तेव्हा त्यानं रीत जरा जास्तच पाळायची ठरवली.

सगळी वस्ती आली. पुरुष छपरावर चढले, बायकांनी चुलीतली राख आधी काढून पाण्याला दिली. सुईण जाउराआजी ओसरीवर बसून घराची दृष्ट काढावी तशी बोलत होती, "जा रे बाबा, जिथं जाशील तिथं गळू नकोस." दोऱ्या सुटल्या, खुंट्या निघाल्या, आणि दुपारच्या सुकतीपर्यंत सार्बिनचं घर साकवाच्या कडेला एका ढिगात आलं. झाप एकीकडं, फळ्या एकीकडं, वर शिडी, शेजारी तो रांजण. आज्याच्या जागेवर एक खांब आणि खूपसं आकाश उरलं.

विसाराच्या पैशांतून मोठ्या बेटावरून पत्रे आले. कोरे, लखलखीत, उन्हात बघवेना असे. सार्बिन आणि नुर्सिया ताम्रिनच्या ओसरीवर राहायला गेले.

"झोप लागली का?" सकाळी ताम्रिननं विचारलं.

"लागली. पण तू घोरतोस त्यानं माझे पत्रे वाजतात."

राम्लाचा निरोप आला की ती बोटीत बसली. दिवस भरत आले होते, म्हणून लवकर निघाली. उद्या दुपारी पोचणार, सोबत सासूबाई. नुर्सियानं नवऱ्याकडे पाहिलं. नवीन घराचे खांब अजून खाडीतल्या जंगलात उभे होते, पानांसकट.

"साहेब आज येणारच आहेत," सार्बिन म्हणाला. "राहिलेले पैसे मिळाले की सगळी माणसं लावू. खांब, फळ्या, सगळं उद्यापर्यंत."

साहेब आलेही. उधाणावर डौलानं डुलत मोठा मचवा आला, त्यात कारागीर, आणि साहेबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा. मचवा टोकाशी लागला. साहेब उतरले. त्यांनी एका खांबाकडे पाहिलं. चष्मा काढला. पुन्हा पाहिलं.

"घर कुठाय?"

"हे काय!" सार्बिननं ढिगावर हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "एक खुंटी हरवली नाही. मचव्यात दोन खेपांत मावेल."

"पण हे काढलं कशाला?"

"मग नेणार कसं?"

"कुठं नेणार?" साहेबांचा आवाज चढला. "मला इथं राहायचं होतं! म्हणजे पाहुण्यांना. मी जागा घेतली तुमच्याकडून. घर काय, ते मी पाडणारच होतो!"

मग ताम्रिनला जे हसू फुटलं, ते साकवावरून ओसरीओसरीत, होडीहोडीत गेलं. सार्बिनसुद्धा हसू लागला, कारण गोष्ट खरोखरच हसण्यासारखी होती: एक माणूस पाडायचं घर विकत घेतो आणि दुसरा ते त्याच्यासाठी मोठ्या मायेनं पाडून ठेवतो. मग त्याला राम्ला आठवली, आणि त्याचं एकट्याचंच हसू आधी थांबलं.

हर्सोनो साहेब वाईट माणूस नव्हते. ते ढिगावरच बसले, घाम पुसला आणि म्हणाले, "हे बघा सार्बिन, झालं ते झालं. मला फक्त जागा द्या. पैसे ठरल्याच्या दुप्पट. आणि मोठ्या बेटावर रस्त्याकाठी माझा एक तुकडा आहे, त्यावर तुम्हाला पक्कं घर बांधून देतो. फरशी, संडास, विहीर. तोवर माझं तिथलं घर रिकामंच आहे. मुलगी उद्या येतेय ना? सरळ तिथंच उतरवा."

आता खरं सांगायचं तर सार्बिनला मोह झाला. इतका झाला की त्याला त्या घरातली फरशी पायाला गार लागली. स्वतःच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलेला सार्बिन त्याला दिसला, पायाशी एक कोंबडी, आणि विहीणबाई म्हणतायत, वा, व्याही, वा! जमिनीवर आपल्याला झोप लागत नाही, हे त्याला माहीत होतं. मावसभावाच्या लग्नात एकदा तिथं निजला होता, तर खालची भुई हलेना म्हणून रात्रभर तोच कुशीवरून कुशीवर हलत राहिला. पण झोपेचं काय, ती म्हातारपणी तशीही कमी होते. त्यानं नुर्सियाकडे पाहिलं.

नुर्सियाच्या तोंडावरचं पीठ घामानं ओघळलं होतं. "माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. "माझी ताई माझ्या बापाच्या घराखाली आहे, लांब तिकडं. इथं खाली माझं कुणी नाही. राम्लाचं आहे. तुमचं आहे. तुम्ही ठरवा."

जाउराआजी सुपारी चघळत होती. "विक की," ती म्हणाली. "आमचं कुणाचं काही म्हणणं नाही. फक्त आधी एक बुडी मार आणि खालच्यांना सांगून ये. म्हणावं दादा, उठा आता, सामान आवरा. आपल्याला रस्त्याकाठी जायचंय. फरशी आहे."

लोक हसले, पण दबकत. सार्बिननं तोंड उघडलं. अशा वेळी त्याच्या जिभेवर काहीतरी गमतीचं हमखास येई. आत्ता आलं नाही. त्यानं पाण्यात पाहिलं. उधाणाचं गढूळ पाणी, तळ दिसत नव्हता. लहानपणी तापात पडला होता, तेव्हा आईनं याच पाण्यात पान सोडून दादाला हाक मारलेली त्याला ऐकू आली. हाक इतकी घरगुती होती, जणू कुणाला जेवायला बोलवावं.

"साहेब," तो म्हणाला, "घर विकलंय ते विकलंय. शब्द फिरवणार नाही. घेऊन जा. पण जागा माझी नाही."

"मग कुणाची आहे? त्यांच्याशी बोलतो."

"पुष्कळ जणांची आहे. एकाचीही सही मिळायची नाही."

हर्सोनो साहेबांनी ढिगातली एक फळी उचलून पाहिली. "या लाकडांचं मी काय करू?"

"तेच कोडं मलाही पहिल्यापासून पडलं होतं साहेब."

साहेब हसले. मनापासून नाही, पण हसले. लाकडं त्यांना नको होती, विसार परत हवा होता, आणि तो तर पत्र्यांत गेला होता. म्हणून पत्रेच मचव्यात चढले. ते चढताना इतके चमकत होते की सार्बिननं तोंड दुसरीकडं फिरवलं. ऊन डोळ्यांत जातंय, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मचवा गेला. उरलं काय, तर एक खांब, एक ढीग आणि उद्याची दुपार.

"बघत काय बसलात?" ताम्रिन ओरडला. "मोक्याचं घर आहे, मोक्यावर उभं नको का राहायला?"

उजाडल्या उजाडल्या वस्ती कामाला लागली. घर सोडवताना प्रत्येकाला वाटलं होतं की आता हे साहेबाचं डोकं खाणार, आपलं नाही. कुठली फळी कुठली होती हे कुणीच लक्षात ठेवलं नव्हतं. ताम्रिननं पुढारपण घेतलं. तो इतक्या खात्रीनं बोटं दाखवत होता की सगळ्यांना वाटलं, याला माहीत असणार. सूर्य डोक्यावर आला तेव्हा घर उभं होतं, आणि त्याचं तोंड खुल्या समुद्राकडे होतं. साकवाच्या बाजूला आलं होतं स्वयंपाकघर.

"उलटं झालं की रे," सार्बिन म्हणाला.

"उलटं कसं? दार मोठ्या धक्क्याकडे केलंय. तुझ्या भवितव्याकडे तोंड करून उभं आहे ते."

"आणि माझी विहीण कुठून येणार?"

विहीण स्वयंपाकघरातून आली. दुसरी वाटच नव्हती. जड पोटाची राम्ला सासूचा हात धरून साकवावरून चालत आली, वाट वळली तिथं थबकली, आणि समोर चुलीवर माशाचं आंबट कालवण रटरटताना पाहून म्हणाली, "बाबा! दार कुठं गेलं?"

"बदललं," सार्बिन म्हणाला. "आता पाहुणा आला की आधी जेवतो."

तो रात्मीबाईंच्या तोंडाकडे बघायला धजावत नव्हता. झापांचं तेच काळं छप्पर, फळ्यांत तशाच फटी, शिवाय एक शिडी थेट समुद्रात उतरलेली. पक्कं घर म्हणून सांगितलं होतं. त्यानं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. घर कसं विकलं, कसं पाडलं, साहेब कसा आला, पत्रे कसे गेले. सांगता सांगता स्वतःची इतकी टर उडवली की नुर्सियानं दोनदा त्याला कोपर मारलं.

रात्मीबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही रस्त्याकाठचं घर सोडलंत?"

"हो."

"विहीर होती?"

"होती म्हणत होते."

रात्मीबाईंनी नेसूचा सारोंग साडीसारखा गुडघ्यापर्यंत वर खोचला आणि म्हणाल्या, "फटींवर चटया टाका. पाणी तापत ठेवा. तिच्या कळा बोटीतच सुरू झाल्यात, तुम्हाला दोघांना सांगायला लाजतेय ती."

जाउराआजी आली. पुरुषांना बाहेर काढलं, आणि बाहेर म्हणजे उलट्या घराच्या ओसरीवर, समुद्राकडे तोंड करून. ताम्रिन, सार्बिन आणि बाकीचे ओळीनं बसले. समोर भवितव्य पसरलं होतं, आणि त्याकडे बघायला कुणालाच फुरसत नव्हती. आतून राम्लाचा आवाज येई, मग नुर्सियाचा, मग आजीचं गुणगुणणं, लाटेच्या येण्याजाण्याला धरून:

पाळण्याच्या खाली, लाट देते हाक,
पाण्यातला दादा म्हणे, बाळा खाली वाक.
बाळा खाली वाक, मी आलो आधी,
तुझ्यासाठी अंथरली, निळ्या पाण्याची गादी.

ऊन उतरायला लागलं तेव्हा रडणं ऐकू आलं. बारीक आणि रागीट. "मुलगी!" आतून नुर्सिया ओरडली. सार्बिन उठला आणि आनंदात सवयीनं ओसरीवरून साकवावर उतरायला निघाला. ओसरीसमोर आता समुद्र होता. तो कपड्यांसकट त्यात पडला.

"थांब तिथंच," वरून ताम्रिन म्हणाला, "तुला खालीच जायचंय."

जाउराआजीनं करवंटीत धुऊन ठेवलेली वार, वर पान, पानावर चिमूटभर तांदूळ, असं सगळं पांढऱ्या फडक्यात बांधून त्याच्या हातात दिलं. सार्बिननं छाती भरून घेतली आणि बुडी मारली. पाणी आता निवळलं होतं. खांबांमधून तिरपं ऊन खाली उतरत होतं, पट्ट्यापट्ट्यांनी, कारण फळ्यांत फटी होत्या. तळाशी काळे-तांबडे दगड, त्यांच्यात हलणारं शेवाळ, एक पिवळा मासा, जो त्याच्याकडे बघून बाजूला झाला. त्यानं दोन दगडांमधे, लाट ओढणार नाही अशा जागी, ते गाठोडं ठेवलं. वर एक चपटा दगड. मग उगीचच आणखी थोडा वेळ खाली राहिला. वर आलं की लोक हसणार होते. घराला हसणार, पडण्याला हसणार, व्यापाराला हसणार, आणि हे हसणं आता पिढ्यान्‌पिढ्या चालणार होतं. खाली कुणी हसत नव्हतं.

श्वास संपला. तो वर आला. अपेक्षेप्रमाणं सगळे हसत होते.

फक्त रात्मीबाई ओसरीच्या काठाशी ओणव्या झाल्या होत्या. एका हातानं खांब घट्ट धरलेला, डोळे भीतीनं मोठे, आणि तरी वाकून पाण्यात बघत होत्या.

"व्याही," त्या म्हणाल्या, "नीट ठेवलंत ना? एकटं नाही ना वाटायचं त्याला?"

सार्बिननं तोंडावरचं खारं पाणी पुसलं.

"नाही हो विहीणबाई," तो म्हणाला. "शेजार चांगला आहे."